टूरिंग बाइक लो करायची, तर आधी टेप घ्या

बाइक लो वाटते ती मुख्यतः दोन गोष्टींमुळे: मागचं टायर आणि मडगार्ड यांतली फट, आणि साइड बॅगांची खालची कड. मडगार्ड टायरजवळ आणलं आणि बॅगा थोड्या खाली लांबवल्या, तर सस्पेन्शनला हात न लावता निम्मं काम होतं. उरलेलं मागच्या शॉकमधून (धक्का झेलणारा स्प्रिंगचा दांडा) काढायचं. तेही २५ मिमीपर्यंतच ठेवलेलं बरं. त्यापुढे दर मिलिमीटरची किंमत मोजावी लागते.

गाडी सरळ उभी करा, टाकी भरलेली, टायरमध्ये नेहमीची हवा. मागच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर मास्किंग टेपची खूण करा आणि अंतर दोनदा मोजा: चाक हवेत लटकत असताना, आणि तुम्ही सामानासकट बसल्यावर. फरक आला तो सॅग. साइड स्टँडवर गाडी किती अंश कलते तेही मोबाइलच्या लेव्हलवर आत्ताच बघून ठेवा. हे पुढे लागतं आणि हमखास विसरतं.

मागची बाजू खाली आणायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्हींचं वागणं एकदम वेगळं आहे. पहिली, आखूड शॉक. चांगला आखूड शॉक मोकळा असताना कमी लांबीचा असतो, पण पूर्ण दाबल्यावर मूळ शॉकइतकाच राहतो. म्हणजे टायर पूर्वीपेक्षा वर जात नाही, फक्त ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची वर-खाली हालचाल, कमी होतो. दुसरी वाट म्हणजे शॉकचा खालचा बोल्ट सरकवणारे ब्लॉक, किंवा लिंकेज (शॉक आणि चाक यांमधली जोडपट्ट्यांची रचना) असलेल्या गाडीत बदललेल्या लांबीच्या लिंक. यात ट्रॅव्हल शिल्लक राहतो, पण चाकाची ती सगळी हालचालच वर सरकते, आणि खड्ड्यात टायर मडगार्डच्या पोटात घुसतं. शिवाय ब्लॉकमुळे लिव्हरेज (शॉकवर पडणारा तरफेचा जोर) बदलला, तर तीच स्प्रिंग मऊ लागते. ब्लॉक स्वस्त पडतात म्हणून खपतात. जोडीदार आणि भरलेल्या बॅगा घेऊन फिरणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये.

आखूड शॉक घेतला की स्प्रिंगही कडक हवी. ७५ मिमी ट्रॅव्हलचा ५० केला आणि तेवढाच धक्का पचवायचा म्हटलं, तर कागदावर स्प्रिंग सव्वादोन पट कडक लागते. इतकी कडक कोणी बसवत नाही, चाक रस्त्यावर टिकणारच नाही. म्हणून प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग (दाबत जाईल तशी कडक होणारी), जाड बंप स्टॉप (शॉक पूर्ण दाबला की टेकणारं रबर) आणि सॅग ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ५० मिमीत १५ ते १७.

आता ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो ती तपासणी. गाडी फ्रेमखाली लिफ्टवर घेऊन पट्ट्यांनी बांधा, दोन्ही शॉक काढा. शॉक पूर्ण दाबल्यावर दोन बोल्टांच्या मध्यांत किती अंतर राहतं ते काढा आणि चाक जॅकने तेवढं वर उचला. टायर आणि मडगार्ड यांत किमान १२ मिमी मोकळं हवं. टॉर्च घेऊन आत बघा: टेललाइटची वायर बऱ्याच गाड्यांत मडगार्डच्या आतूनच जाते, आणि टायर तिला थोडं थोडं घासत शेवटी उघडी पाडतं. मग फ्यूज उडतो आणि लोक दिवसभर स्विच तपासत बसतात. वायर कडेला घेऊन क्लिपने पक्की करा. आत डोकावणारे स्क्रू उलटे, डोकं टायरकडे करून बसवा. चेन किंवा बेल्टचा ताण नव्या उंचीला पुन्हा बघा.

नुसती मागची बाजू २५ मिमी उतरवली, तर साधारण १६२५ मिमी व्हीलबेसवर (दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर) रेक, म्हणजे पुढच्या फोर्कचा कल, जवळपास ०.९ अंशाने वाढतो, ट्रेलही (स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो ती जागा आणि टायर टेकतो ती जागा यांतलं अंतर) वाढतो, आणि हँडल वळायला जड लागतं. म्हणून पुढची बाजूही तेवढीच उतरवा. फोर्क ट्यूब (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या) ट्रिपल क्लॅम्पमधून (त्यांना वर पकडणाऱ्या पट्ट्यांतून) वर सरकत असतील तर १०-१५ मिमी सहज मिळतात. दोन्ही ट्यूब कॅलिपरने मोजून एकसारख्या ठेवा. फेअरिंगवाल्या (पुढे आवरण असलेल्या) बऱ्याच गाड्यांत वर जागा नसते, तिथे फोर्कच्या आतला लोअरिंग किट लागतो. तेलाची पातळी मात्र स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबूनच मोजायची. शेवटी हँडल दोन्ही टोकांना फिरवा. ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर ताणली जाता कामा नये.

एअर सस्पेन्शन असेल तर हवा सोडून जमिनीला टेकवणं फक्त पार्किंगमध्ये. कंप्रेसरला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गळती बघा.

उतरलेली गाडी जुन्या साइड स्टँडवर जास्त सरळ उभी राहते आणि साध्या धक्क्यानेही पलीकडे पडते. दोन्ही चाकांखाली एकसारख्या जाडीच्या फळ्या वाढवत जा, पहिल्यासारखा कल आला की थांबा. फळीच्या जाडीपेक्षा किंचित जास्त स्टँड कमी करायचा, कारण तो तिरका उभा असतो. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या.

पहिल्या राइडआधी फूटबोर्डच्या कडेला, बॅगेच्या तळाला आणि एक्झॉस्टखाली कागदी टेप चिकटवा. वळणांवर वेग हळूहळूच वाढवा, आणि परतल्यावर टेप बघा. फूटबोर्डची फाटली तर ठीक, तो बिजागरीवर दुमडतो. बॅग किंवा एक्झॉस्टची आधी फाटली तर गाडी त्याच दिवशी १० मिमी वर घ्या, कारण ते दुमडत नाहीत. ते टेकले की मागचं चाक रस्त्यावरून उचललं जातं.