लिमोजला पोर्सिलेन शिकायला जायचंय? आधी भट्टी समजून घ्या

फ्रेंच पोर्सिलेनची सजावट शिकायची आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे निरोप मला वरचेवर येतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ब्रश, फुलं आणि सोनेरी किनार असते. फ्रान्समधल्या लिमोज शहरातल्या एका सजावटीच्या कारखान्यात काम करता करता माझं मत पक्कं झालंय: ब्रशचं नंतर बघू, आधी माती आणि भट्टी शिका.

या शहराचं नाव झालं तेच मातीमुळे. १७६८ च्या सुमारास लिमोजच्या दक्षिणेला सँतिरिएजवळ पांढरंशुभ्र केओलिन, म्हणजे पोर्सिलेनची मूळ माती, सापडलं आणि १७७१ मध्ये शहरात पहिला पोर्सिलेन कारखाना निघाला. त्याआधी व्हँसेनला सुरू होऊन १७५६ साली सेव्ह्रला हललेला राजाश्रयाचा कारखाना केओलिनशिवायचं 'मऊ' पोर्सिलेन करायचा. त्याचं ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, कमी आचेला वितळायचं, त्यामुळे वर काढलेला रंग त्यात मुरायचा. जुन्या सेव्ह्रच्या रंगांची ती खोली अस्सल केओलिनच्या कडक पोर्सिलेनवर सहज मिळत नाही.

कडक पोर्सिलेनमध्ये साधारण अर्धं केओलिन, उरलेल्यात फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजं. पहिली भाजणी हजार अंशांच्या आत होते, म्हणजे भांडं सच्छिद्र राहतं आणि ग्लेझ पितं. दुसरी चौदाशे अंशांच्या आसपास. त्या आचेत भांडं सातव्या-आठव्या हिश्शाने आकसतं, ताटाची कड खाली झुकते. म्हणून साचा करणारा साचाच आधी मोठा करतो आणि झुकणाऱ्या कडेचा हिशोब त्यातच धरतो. ही माणसं मला चित्रकारांइतकीच मोठी वाटतात.

चौदाशे अंश सोसणारे रंग मोजकेच, त्यात कोबाल्टचा गडद निळा पहिला. बाकीचे रंग ग्लेझवर चढवून आठशे-नऊशेच्या आसपास भाजतात, जास्त आच लागणारा आधी आणि कमीवाला नंतर. सोन्यापासून केलेला गुलाबी तर फार हळवा. आच कमी पडली की मळकट तपकिरी दिसतो, जास्त झाली की जांभळ्याकडे झुकतो. म्हणजे चित्र कोणत्या क्रमाने रंगवायचं हे भट्टी ठरवते.

सोन्याची किनार ओढताना ताट फिरत्या चाकावर ठेवून बोटाने हलके टोले देत मध्यावर आणतात. मग हात टेकवून लांब केसांचा ब्रश स्थिर धरायचा आणि चाक फिरू द्यायचं. ब्रशवर असतं ते तपकिरी पातळ द्रव्य. 'चमकतं सोनं' भट्टीतूनच झळझळीत निघतं. जाड, उंची सोनं मात्र मातकट पिवळं निघतं. ते अकीकाच्या टोकाने घासत गेलं की हळूहळू उजळतं. भाजण्याआधी बोटाचा तेलकट डाग राहिला तर तो तिथे कायमचा दिसतो.

डेकलला, म्हणजे भांड्यावर चिकटवायच्या छापील नक्षीला, नाकं मुरडू नका. उंची ताटांवरही पुष्कळदा नक्षी डेकलची आणि किनार हाताची असते. मोठी वक्र नक्षी सुरकुती न पाडता बसवणं हे कौशल्यच आहे.

शिकण्याच्या वाटा दोन-तीन आहेत. आपल्या आयटीआयसारखा व्यवसायाचा अभ्यासक्रम सेआपे. त्यात सिरॅमिक सजावट, साचेकाम असे वेगवेगळे विषय मिळतात. ज्यांना स्वतःची रचना करायची आहे त्यांच्यासाठी लिमोजची सरकारी कलाशाळा. सेव्ह्रची सरकारी संस्था आपले कारागीर स्वतः घडवते, पण तिथे शिरणं अवघड. तिन्हीकडे फ्रेंच लागतंच. पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये निदान बी-१ या पातळीपर्यंत शिकून निघा. भट्टीजवळचा माणूस घाईत बोलतो, इंग्रजीत समजावत बसत नाही.

कामाच्या दृष्टीने एक चांगली गोष्ट आहे. २०१७ पासून 'लिमोज पोर्सिलेन' या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यासाठी सजावटही तिथल्याच ओत-व्हिएन जिल्ह्यात व्हावी लागते. त्यामुळे सजावटीचं काम जिल्ह्याबाहेर सहज जाऊ शकत नाही.

लिमोजला पोचलात की आद्रिएँ द्युबुशे संग्रहालय आणि कासोची १८८४ ची भट्टी बघा, आणि जुन्या बाजारात ताटं उलटून पाहा. पुष्कळदा दोन शिक्के दिसतील: ग्लेझखालचा हिरवा पांढरं भांडं करणाऱ्याचा, वरचा सजावट करणाऱ्याचा. यातलं कोणतं काम तुमचं, ते लवकर ठरवा.

अर्जासोबत सुंदर चित्रं सगळेच पाठवतात. तुम्ही सोबत चाचणीच्या टाइल्सचे फोटो जोडा, आणि प्रत्येकीखाली रंग, तापमान आणि कितवी भाजणी ते लिहा.