सार्वजनिक मैदानासाठी महापालिकेकडे कर्जाचा प्रस्ताव कसा मांडावा

ऑगस्ट २०१९ चा महापूर, मार्च २०२० ची टाळेबंदी आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा आलेला महापूर, या तिन्ही वेळी कोल्हापुरातील प्रदर्शने, जत्रा आणि मेळावे बंद राहिले, आणि मैदानाच्या भाड्यावरच चालणाऱ्या न्यासांची घडी विस्कटली. अशा न्यासांचे प्रस्ताव मी अनेकदा लिहून दिले आहेत. या कामात सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला म्हणजे "नगरसेवकांना भेटा, एक पत्र द्या, बाकीचे ते बघतील." पत्राने विषय सभेच्या विषयपत्रिकेवर येतो, पैसे मिळण्यासाठी आकडे लागतात.

न्यास नोंदणीचा उतारा, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, मिळकत पत्रिका (जागेचा धारक कोण हे दाखवणारा उतारा) आणि विश्वस्त मंडळाचा ठराव हे कागद तयार आहेत असे मी गृहीत धरतो. विश्वस्त बदलले असतील, तर त्या बदलाची धर्मादाय कार्यालयात नोंद करणारा फेरफार अर्ज आधी मार्गी लावावा. तो बदलानंतर ९० दिवसांत दाखल होणे अपेक्षित असते, आणि अनेक न्यासांत तो वर्षानुवर्षे राहून गेलेला असतो.

कायद्याच्या दोन बाजू सुरुवातीलाच पाहून घ्याव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६अ(३) नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. येथे "पूर्व" हा शब्द महत्त्वाचा आहे, म्हणून महापालिकेचा निर्णय होण्याची वाट न पाहता हा अर्ज बरोबरीनेच दाखल करावा. दुसरी बाजू महापालिकेची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६३ महापालिकेची आवश्यक कर्तव्ये सांगते आणि कलम ६६ ऐच्छिक कामे सांगते. पाणी, गटार आणि रस्ते यांची मागणी सभागृहापुढे रोजच असताना मैदानाला पैसे का द्यावेत, याचे उत्तर ऐच्छिक कामांच्या चौकटीत आणि लोकांच्या प्रत्यक्ष वापराच्या आधारावर द्यावे लागते. "संस्था जुनी आहे" हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

आता सर्वांत अवघड भाग, म्हणजे मैदानाचे खरे उत्पन्न ठरवणे. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी बँकेच्या पासबुकातील जमा बाजूची बेरीज उत्पन्न म्हणून धरली होती. छाननी करणाऱ्या लेखापालांनी पावती पुस्तक मागवले, निळ्या कार्बनच्या स्थळप्रती एकेक करून उलटल्या आणि एका पावतीवर बोट ठेवले. पावती १,६८,००० रुपयांची होती. तीत भाडे १,००,०००, त्यावरचा १८ टक्के जीएसटी १८,००० आणि अनामत ५०,००० अशा तीन रकमा होत्या, आणि तिन्ही एकाच रकान्यात मांडलेल्या होत्या. कर सरकारचा, अनामत प्रदर्शन भरवणाऱ्याची, आणि न्यासाचे म्हणता येतील असे केवळ एक लाख रुपये. संपूर्ण वर्षाच्या पावत्या अशाच होत्या. प्रस्ताव परत आला आणि पुन्हा पत्रिकेवर येईपर्यंत एक हंगाम निघून गेला. तेव्हापासून ही तीन रकमांची फोड स्वतः पाहिल्याशिवाय मी एकही प्रस्ताव पुढे पाठवत नाही. ज्या न्यासाने मागच्या आयोजकांची अनामत नव्या खर्चात वापरून टाकली आहे, त्याने ती रक्कम देणे म्हणून ताळेबंदात उघडपणे दाखवावी. ती दडवली तर छाननीत सापडतेच, आणि एकदा सापडली की न्यासाच्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

फोड झाल्यावर तारखांचे रजिस्टर घेऊन बसावे. माझा आग्रह असतो की मैदानाचे उत्पन्न वर्षात न मोजता दिवसांत मोजावे, कारण लेखापरीक्षण अहवालातील वार्षिक आकड्यावरून कोणत्या महिन्यात पैसे येतात ते कळत नाही. प्रत्येक दिवसापुढे तो भाड्याचा होता, मांडव घालण्या-काढण्याचा होता, मोफत दिलेला होता की रिकामा होता, हे लिहावे. दहा दिवसांच्या प्रदर्शनासाठी मैदान पंधरा दिवस अडकलेले असेल, तर भाडे पंधरा दिवसांचे मिळाले की दहा दिवसांचे, हे येथेच उघड होते. निम्म्या अडचणीचे मूळ मला या मांडवाच्या दिवसांतच सापडले आहे. शाळांच्या क्रीडास्पर्धा आणि तालमींचे कार्यक्रम यांसाठी मोफत दिलेले दिवस मात्र तोटा म्हणून लपवू नयेत. लोक मैदान वापरतात याचा तोच सर्वांत भक्कम पुरावा असतो, त्यामुळे ते दिवस तारीखवार वेगळे मांडावेत.

या रजिस्टरवरूनच हप्ते ठरवावेत. बारा समान मासिक हप्ते कधीही मान्य करू नयेत, मग ते सुचवणारा कितीही अनुभवी असो. जून ते सप्टेंबर या काळात येथील मोकळ्या मैदानावर चिखल असतो आणि उत्पन्न जवळजवळ शून्यावर येते. समजा ४० लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी मागायचे आहे. वर्षाला ८ लाख मुद्दल फेडायचे, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत दरमहा १ लाख आणि त्यावरचे व्याज अशी मांडणी करावी. राखणदार, वीज आणि सफाई यांचा खर्च वजा जाता तेवढी रक्कम उरत नसेल, तर कर्जाची रक्कमच कमी करावी. मुदत वाढवून आकडा बसवण्याच्या भरीस पडू नये, कारण वाढलेल्या प्रत्येक वर्षाबरोबर आणखी एका पावसाळ्याची जोखीम येते.

नदीच्या बाजूच्या मैदानांसाठी मी एक अट हमखास घालतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी धोका पातळी ओलांडून मैदानात आले, तर पुढील दोन हप्ते दंडाशिवाय मुदतीच्या शेवटी जातील, असे करारातच लिहून घ्यावे. पूर ओसरल्यावर अशी सवलत मागणे म्हणजे नवा विषय, नवी टिपणी आणि नवी सभा.

तारण म्हणून जमीन लिहिण्याआधी मिळकत पत्रिकेवरील धारकाचे नाव वाचावे. मैदान भाडेपट्ट्यावर असेल, तर ते तारण देण्याचा अधिकार न्यासाला आहे असे धरून चालू नये. त्याऐवजी सर्व भाडे एका स्वतंत्र खात्यात जमा होईल आणि त्यातून हप्ता आधी वळता होईल, अशी हमी द्यावी. इस्टेट विभाग आणि लेखा विभाग या दोन्हींचे अभिप्राय लेखी घ्यावेत, आणि अंदाजपत्रकाची चर्चा सुरू होण्याआधी तरतुदीची मागणी आयुक्तांकडे पोहोचवावी.

स्थायी समितीत सोळा सदस्य असतात. प्रत्येकाला दोन पानांचा गोषवारा आणि तारखांच्या रजिस्टरची प्रत आधी द्यावी. सभेत उपसूचनेने, म्हणजे मूळ ठरावात ऐनवेळी बदल सुचवून, व्याज माफ करून घेण्याचा मोह टाळावा. कायद्याशी किंवा लोकहिताशी विसंगत ठरणारा ठराव शासन महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकते, आणि तसे झाले तर मंजूर रक्कमही हातात पडत नाही. ठराव झाल्यावर नगरसचिवांकडून त्याची प्रमाणित प्रत घ्यावी, तिच्यातील रक्कम, व्याज आणि हप्त्यांचे महिने कराराच्या मसुद्याशी शब्दशः ताडून पाहावेत, आणि धर्मादाय आयुक्तांची मंजुरी हाती आल्यावरच करारावर सह्या कराव्यात.