नागीण उठली की या चुका टाळा (मेडिकलच्या काउंटरवरून)

"भाऊ, नागिणीवर एखादी चांगली ट्यूब द्या." बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे आणि हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा शर्ट वर करायच्या आत मी विचारतो, उठून किती दिवस झाले? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं. "झाले असतील की पाच-सहा दिस, आधी मंतरून घेतलं, मग लाल मातीची काव लावली, आता लईच आग व्हायलीय म्हणून आलो." म्हणजे औषधाचा खरा टाइम होता तो गेला, आणि आता ट्यूब पाहिजे.

आधी दुखणं कशाचं असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं काही पटणार नाही. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही, मणक्याजवळ नसांच्या मुळाशी गुपचूप पडून राहतो. वय झालं, शुगर वाढली, कॅन्सरचं किंवा स्टिरॉइडचं औषध चालू असलं, अंगातली ताकद कमी झाली की तो जागा होतो आणि एखाद्या नसेतून कातडीकडं येतो. ती नस सुजते, म्हणून आग, ठणका, मधूनच चमक, आणि बनियन लागली तरी माणूस ओरडतो. फोड त्याच्यानंतर दिसतात. दुखणं नसेचं आहे आणि सगळा इलाज चाललाय कातडीचा, इथंच गडबड आहे.

आता माझ्या डोक्यात जाणारी एक नंबरची चूक, दिवस घालवणं.

नागिणीवर विषाणू मारायच्या गोळ्या असतात, असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत चालू झाल्या तर त्यांचा जास्त उपयोग, नवे फोड लवकर थांबतात, दुखणं कमी दिवस राहतं. हे ७२ तास आपल्याकडं कुठं जातात? पहिला दिवस "उष्णता झाली असंल", दुसरा दिवस "किडा चावला असंल", तिसऱ्या दिवशी शेजारची कुणीतरी काकू ओळखते की ही नागीण आहे, आणि ओळखल्यावर दवाखान्यात न जाता सगळे निघतात उतरवायला.

आमच्या भागातले एक रिटायर गुरुजी. रोज पेपर वाचणार, अख्ख्या गल्लीचे फॉर्म भरून देणार, तसले. कपाळाच्या उजव्या बाजूला दुखायला लागलं, त्यांना वाटलं अर्धशिशी, बाम चोळत बसले. मग भुवईच्या वर लाल चट्टा आला आणि त्यावर पाण्याचे फोड. सून म्हणाली दवाखान्यात चला, पण घरात आत्याबाई होत्या, त्यांचं म्हणणं नागिणीला डॉक्टरचं औषध चालत नाही, उलट चिडती. झालं, जवळच्या एका गावात नेलं, तिथं मंतरून वरून काव फासून दिली आणि सांगितलं मीठ बंद, तेल बंद, अंघोळ बंद, पुढच्या रविवारी परत या. रविवार यायच्या आत गुरुजींच्या नाकाच्या शेंड्यावर फोड आला, पापणी सुजून डोळा मिटला, उजेड सहन होईना. तेव्हा त्यांचा पोरगा माझ्याकडं आला तो काय मागायला, तर डोळ्यात टाकायचा एखादा ड्रॉप! मी ड्रॉप दिला नाही, म्हणालो आत्ताच्या आत्ता गाडी कर आणि लातूरला डोळ्याच्या डॉक्टरकडं ने. तिथं आधी कपाळावर वाळून बसलेली काव भिजवून काढण्यात वेळ गेला म्हणे, कारण तिच्याखाली काय आहे तेच दिसत नव्हतं. डोळा वाचला पण बुबुळावर डाग राहिला, त्या डोळ्यानं आता पेपरची अक्षरं धुरकट दिसतात.

म्हणून कपाळ, पापणी, नाकाचा शेंडा यातलं काहीही असलं तर रविवार-सोमवार बघायचं नाही, त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर. जवळ कुणी नसला तर अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज आहे, संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल आहे. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं किंवा ऐकू कमी यायला लागलं तरी तेच. आणि मेडिकलमधून मनानं डोळ्याचा ड्रॉप नेऊ नका, त्यात स्टिरॉइड असू शकतं आणि काम आणखी बिघडतं.

लोक मंतरायला का जातात तेही मला कळतं, भीती असते. नागिणीची दोन तोंडं जुळली, वेढा पूर्ण झाला की माणूस जातो, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. अहो पण डाव्या बाजूची नस वेगळी आणि उजव्या बाजूची वेगळी, नागीण सहसा एकाच नसेच्या पट्ट्यात उठते आणि पोटावर किंवा पाठीवर मधल्या रेषेपर्यंत येऊन थांबते, ती आपोआपच थांबते, तुमच्या कावेनं अडवली म्हणून नाही. क्वचित दोन्ही बाजूंना किंवा सगळ्या अंगभर फोड आले तर त्याचा अर्थ अंगातली प्रतिकारशक्ती लई कमी झालीय, तेव्हा तर सरळ अॅडमिट व्हायची तयारी ठेवा. आणि मंतरल्यानं गुण येतो असं वाटतं त्याचं कारण साधं आहे. फोड तसेही सात-दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन-चार आठवड्यांत कातडी बरी होते. कातडीचं श्रेय बाबाला मिळतं, आणि नंतर दुखत राहिलं की बाबा म्हणतो तुम्ही पथ्य मोडलं. धंदा चांगला आहे, उधारी नाही.

७२ तास उलटले असतील तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका, नवे फोड येत असतील, वय जास्त असेल किंवा डोळ्याजवळ असेल तर डॉक्टर तरीही गोळ्या देतात.

आणि गोळ्या घेताना अर्धवटपणा नको. असायक्लोव्हिरचा मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस ८०० एमजी, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस. पाच वेळा ऐकलं की लोक हसतात, मग दोनदाच घेतात. मी पाकिटावर पेननं लिहूनच देतो, सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, आणि मोबाइलमध्ये गजर लावून देतो. नाहीच जमणार असं वाटलं तर डॉक्टरला सांगा, व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून तीनदाच असते, जरा महाग पडते. पाणी भरपूर प्यायचं, आपल्याकडच्या मे महिन्यात तर दुप्पट, कारण ही औषधं किडनीतून बाहेर पडतात. किडनीचा त्रास असला तर ते डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं, डोस कमी करावा लागतो. "सध्या पाचच गोळ्या द्या, गुण आला तर बाकीच्या नेतो" म्हणणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो, राग आला तर येऊ द्या.

दोन नंबरची चूक दुखण्याच्या गोळ्यांची, आणि ही जास्त करून शिकलेली माणसं करतात.

खपल्या पडून गेल्या, कातडी साफ झाली, तरी आग चालूच, असं बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचं होतं. तीन महिन्यांच्या वर गेलं की डॉक्टर त्याला नागिणीनंतरचं नसेचं दुखणं म्हणतात. साठीच्या पुढं वय, सुरुवातीला लई जास्त दुखणं, डोळ्याजवळची नागीण, अशांना हे जास्त होतं. त्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अॅमिट्रिप्टिलिन असली औषधं देतात. ही डोकेदुखीच्या गोळीसारखी नाहीत हे लोकांच्या डोक्यातच शिरत नाही. दुखलं की घेतली आणि अर्ध्या तासात थांबलं, असं त्यात काही नसतं. रात्री थोड्या डोसनं चालू करायचं, सोसेल तसा डॉक्टर वाढवत नेणार, आणि फरक कळायला आठवडे जातात.

एक मावशी यायच्या, बरगडीखाली नागीण होऊन गेलेली, कापूस वेचणीला जाणं बंद, ब्लाउज घालता येईना, रात्रभर बसून काढायच्या. म्हणायच्या, "माय, इंगळी डसल्यावानी होतंय रे." एक दिवस त्यांनी औषधाची पिशवीच काउंटरवर ओतली. बघतो तर चार-पाच डॉक्टरांची औषधं, आणि प्रत्येक पाकिटातल्या दोन-दोन, तीन-तीन गोळ्याच कमी! एक घेतली तर चक्कर आली, बंद. दुसरी घेतली, गुण येईना, डॉक्टर बदला. तिसरीचं नाव पोरानं मोबाइलवर टाकून बघितलं तर डिप्रेशनची गोळी निघाली, मग "माझी आई काय येडी आहे का" म्हणून ती पण बंद. अरे बाबा, तीच गोळी कमी डोसात नसेच्या दुखण्यावर चालते, डोक्याच्या इलाजासाठी नाही दिली. त्यांना मी एकच सांगितलं, आता एकच डॉक्टर धरा आणि ही सगळी पिशवी त्याच्यासमोर ओता. डॉक्टरनं त्यातलीच एक गोळी परत दिली, पण रात्रीच्या बारीक डोसनं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री दहापैकी किती दुखलं तो आकडा नातीकडून लिहून घ्यायला लावला, कारण माणसाला कालचं दुखणं आठवत नाही, आजचंच मोठं वाटतं. आकडा हळूहळू उतरला. पूर्ण गेलं का? नाही. पण झोप लागायला लागली, आणि पुढच्या हंगामात बाई सावलीचं काम करायला लागल्या.

या औषधांनी सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो. म्हाताऱ्या माणसानं रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसायचं, कुणाला तरी हाक मारायची, नाहीतर नागीण राहील बाजूला आणि खुबा मोडून बसाल. गाडी चालवायची नाही, संध्याकाळचा दारूचा कार्यक्रम तर अजिबात नाही. काचबिंदू, प्रोस्टेट, हार्टचा त्रास असला तर अॅमिट्रिप्टिलिनच्या आधी डॉक्टरला सांगा. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायचं नाही, जसं चढवलं तसं उतरवायचं.

सुरुवातीच्या दिवसांतली आग सोसत बसणं हा पण एक मूर्खपणाच. "बघू, सहन होईल तेवढं करू" यात कसली मर्दानगी? डॉक्टरनं सांगितलेली पॅरासिटामॉल घड्याळ लावून घ्या, ठणका भडकायची वाट बघू नका. त्यानं भागत नसलं तर परत जाऊन सांगा, पुढच्या गोळ्या असतात. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक मनानं घेऊ नका, विशेषतः किडनी, बीपी, अल्सरवाल्यांनी.

फोडांवर काय? काहीच नाही फारसं. साध्या पाण्यानं नि साबणानं हळूच धुवायचं, टिपून कोरडं करायचं. जुन्या लुगड्याचं मऊ फडकं गार पाण्यात भिजवून पिळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, दिवसातून चार-पाचदा, आणि फडकं रोज उकळून वाळवायचं. बर्फ डायरेक्ट नको, गरम पिशवी तर नकोच. कॅलामाइन चालतं, खाज कमी होते, पण फुटलेल्या ओल्या फोडावर थापू नका. सुईनं फोड फोडू नका. हळद, टूथपेस्ट, चुना, काव, बिब्बा, यातलं काहीही नाही, बिब्ब्यानं भाजून आलेले लोक बघितलेत मी. ओठावरच्या फोडाची असायक्लोव्हिरची ट्यूब नागिणीवर उपयोगाची नाही. आणि गजकर्णाची मिक्स क्रीम, जी आपल्याकडं प्रत्येक घरात फ्रिजवर पडलेली असते, तिच्यात स्टिरॉइड असतं, ती लांब ठेवा.

कंबरेला नागीण असली तर करदोडा सोडून ठेवा. यावरून पण लोक भांडतात माझ्याशी. घासून घासून रक्त निघतं पण करदोडा सुटत नाही. सैल सुती कपडा, बायकांनी घट्ट ब्लाउजऐवजी सैल कुडता. कूलरचा वारा उघड्या जागेवर झोंबत असेल तर पातळ सुती कपड्यानं झाकून झोपा.

मिरचीच्या अर्काची क्रीम आणि सुन्न करणारे लिडोकेनचे पॅच हे कातडी पूर्ण बरी झाल्यावरच. मिरचीची क्रीम पहिले काही दिवस उलट आग करते, लोक एकदा लावून शिव्या देत परत आणतात. हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावला तर मात्र मी काही करू शकत नाही.

"नसांचं लाल इंजेक्शन मारा" हा पण एक हट्ट. बी-ट्वेल्व्हची कमतरता असली तर घ्या, पण ते विषाणूच्या गोळीच्या जागी चालत नाही. सलाईन लावून तर काहीच होत नाही, बिल तेवढं होतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शननंही नंतरचं दुखणं टळत नाही, शुगरवाल्याची शुगर मात्र चढते.

मीठ-डाळ बंद करून माणूस अजून गळाठतो. नेहमीचं जेवा.

नागिणीच्या पेशंटकडून दुसऱ्याला नागीण लागत नाही, पण ज्याला कांजण्या झाल्या नाहीत आणि लसही नाही त्याला फोडांच्या पाण्यातून कांजण्या होऊ शकतात. म्हणून बाळंतपणाला आलेली लेक, तान्हं बाळ, केमो चालू असलेलं माणूस यांच्यापासून सगळ्या खपल्या धरेपर्यंत लांब राहा, फोड झाकून ठेवा, टॉवेल वेगळा. बाकी पेशंटला अंगणातल्या खोलीत टाकून ताट सरकवायची गरज नाही.

फोड यायच्या आधीच छातीत डाव्या बाजूला दुखत असेल तर "उसण भरली" किंवा "नागीण असंल" म्हणून बसू नका, आधी ईसीजी. फोड नंतर उठले तर उठले, शंभर-दोनशे रुपये गेले तर गेले.

तरण्याताठ्या माणसाला मोठी नागीण उठली आणि डॉक्टरनं शुगर नि एचआयव्हीची तपासणी लिहिली तर चिठ्ठी फाडू नका. तो तुमच्या चारित्र्यावर बोलत नाहीये, प्रतिकारशक्ती का कमी झाली ते बघतोय.

लस आहे, शिंग्रिक्स, भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. नागीण चालू असताना घ्यायची नाही, ही लस चालू नागीण बरी करत नाही, पुढची टाळण्यासाठी आहे, आणि एकदा झालेल्याला परत होऊ शकते. दंड एक-दोन दिवस दुखतो, कणकण येते. एका डोसला हजारोंत पैसे जातात आणि माझ्या काउंटरवर किंमत ऐकून माणसं जी गप होतात ती शेवटी पुन्हा तेच विचारतात, मग ट्यूब कितीला आहे?