कर नको, पीएफ नको, योजना नको : ‘बाहेर पडण्याच्या’ या चुका टाळा

“कर भरणं मूलभूत कर्तव्यांत नाही, म्हणजे तो ऐच्छिक आहे.” आयकर रिटर्नच्या सीझनमध्ये हे वाक्य हमखास कानावर पडतं. यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच ते इतकं पटतं. घटनेच्या कलम ५१अ मध्ये कर भरण्याचा उल्लेख नाही. १९७६ मध्ये स्वर्णसिंह समितीने तो सुचवला होता, पण ४२व्या घटनादुरुस्तीत जी दहा कर्तव्यं आली त्यांत तो घेतला गेला नाही. बरं, मग? लाल सिग्नलला थांबणंही त्या यादीत नाही. कर बसतो तो संसदेने आणि विधिमंडळाने केलेल्या कायद्यांमुळे. कलम २६५ एवढंच सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. आयकराला कायदा आहे, विषय संपला. तुमची संमती कुणी विचारलेलीच नाही.

हे ऐकून काही जण गप्प बसतात, काही जण स्टॅम्प पेपर आणतात. आपल्याकडे स्टॅम्प पेपरवर भारी श्रद्धा. पाचशेचा पेपर, त्यावर ‘मी आजपासून आयकर कायद्याच्या कक्षेतून बाहेर पडत आहे’, खाली नोटरीचा गोल शिक्का, आणि स्पीड पोस्टाने थेट आयकर कार्यालय. नोटरी बघतो ती सही तुमचीच आहे की नाही एवढं. वर लिहिलेल्या मजकुराला त्याच्या शिक्क्याने कायद्याचं बळ येत नाही. असलं पत्र पाठवून पदरात एकच गोष्ट पडते : आपल्याला कर लागतो हे आपल्याला माहीत होतं, याचा स्वतःच्या हाताने लिहून दिलेला पुरावा.

एक खुलासा करून ठेवतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला आहे आणि कलमांचे, फॉर्मांचे आकडे बदलले आहेत. लोकांच्या तोंडी जुनीच नावं आहेत, म्हणून मीही तीच वापरतोय. “जुना कायदाच गेला, आता जुनी थकबाकीही गेली” असा नवा शोध कुणी लावला असेल तर तो मनातून काढून टाका.

पंचाहत्तरी झाली, आता कर नाही

या गैरसमजाने मला सगळ्यात जास्त छळलं आहे, त्यामुळे इथे जरा थांबणार आहे.

१ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना रिटर्न भरण्यातून सूट देण्याचा प्रस्ताव मांडला. उत्पन्न फक्त पेन्शन आणि व्याजाचं असेल तर. त्याच्या पुढचंच वाक्य होतं की लागेल तो कर बँक कापून घेईल. व्हॉट्सअॅपवर फिरताना हे पुढचं वाक्य कापलं गेलं आणि ‘रिटर्नमधून सूट’चं झालं ‘करातून सूट’. दरवर्षी ते फॉरवर्ड नव्या फुलांच्या चित्रासह परत येतं.

माझे एक निवृत्त मुख्याध्यापक. शाळेत मला गणित शिकवलेले, त्यामुळे त्यांच्यासमोर आवाज चढवायची सोय नाही. पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेत, मुदत ठेवी एका नागरी सहकारी बँकेत, आणि पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना. पंचाहत्तरी झाल्यावर त्यांनी रिटर्न भरून घ्यायला माझ्याकडे येणं बंद केलं. मला वाटलं मुलाने पुण्यात दुसरा कुणी करसल्लागार गाठला असेल. दोन वर्षांनी आले ते हातात मोबाइल घेऊन. आयकर खात्याचा मेसेज होता : तुमच्या नावावर इतकं व्याज दिसतंय, रिटर्न दिसत नाही.

“सर, रिटर्न का नाही भरलं?”

“अरे, अर्थमंत्र्यांनी स्वतः संसदेत सांगितलंय. तुम्हा लोकांचं काम कमी झालं म्हणून तुम्ही सांगत नाही.”

त्यांनी दोन गोष्टी केल्या होत्या. रिटर्न थांबवलं, आणि सहकारी बँकेत व पोस्टात दरवर्षी १५एच हा फॉर्म भरून दिला. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला, “सर, इथे सही करा, म्हणजे कापलं जाणार नाही.” सरांनी केली. पण १५एच म्हणजे ‘कर कापू नका’ अशी विनंती नव्हे. माझ्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नावर कर शून्य येतो, असं ते जाहीर निवेदन आहे. सरांची पेन्शन आणि व्याज एकत्र केलं की कर शून्याच्या बराच वर जात होता. जाणूनबुजून खोटं निवेदन देणं हा कायद्याने गुन्हा आहे. सरांनी ते अजाणता केलं हे मला ठाऊक आहे, पण कागदावर सही त्यांची.

आणि रिटर्नमधून सूट? तीही त्यांना लागू नव्हतीच. १९४पी या कलमाच्या अटी अशा : वय ७५ पूर्ण, उत्पन्न पेन्शन आणि व्याज एवढंच, ते व्याज ज्या बँकेत पेन्शन येते त्याच बँकेतलं, आणि त्या बँकेला १२बीबीए हे निवेदन दिलेलं. मग बँक वजावटी धरून कर काढते आणि कापते. दुसऱ्या बँकेत एक ठेव असली, पोस्टात खातं असलं, भाड्याने दिलेला एक गाळा असला की सूट संपली. मला भेटणाऱ्या ज्येष्ठांत या सगळ्या अटींत बसणारा माणूस क्वचितच सापडतो, कारण आपल्या लोकांना ठेवी चार ठिकाणी विभागून ठेवायची सवय आणि ती सवय चांगलीच आहे.

शेवटी दोन वर्षांची अद्ययावत विवरणपत्रं, म्हणजे मुदत उलटल्यावर जादा कर देऊन भरायची रिटर्नं, भरली. कर, त्यावर व्याज, विलंब शुल्क, आणि वर एका वर्षासाठी २५ टक्के व दुसऱ्यासाठी ५० टक्के जादा कर. सरांनी आकडेमोड स्वतः तपासली. बरोबर होती.

आता माझी सवय सांगतो. १५एच देण्याआधी एका कागदावर सगळ्या बँकांचं, पोस्टाचं, पतसंस्थेचं वर्षाचं व्याज आणि पेन्शन लिहायची, कर काढायचा, शून्य आला तरच सही करायची. कागद फॉर्मच्या झेरॉक्सला टाचून ठेवायचा. आणि पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडून बघायचं. खात्याला तुमच्याबद्दल काय माहीत आहे ते तिथे छापलेलं असतं. लोक रील बघायला तासभर देतात, हे बघायला पाच मिनिटं देत नाहीत.

“मला पीएफ नको, हातात द्या”

हे तरुणांचं. पहिली नोकरी, पहिला पगार, आणि स्लिपवर १२ टक्के कापलेले दिसले की डोकं फिरतं. मग एचआरला पत्र : ‘मी स्वखुशीने पीएफ नाकारत आहे.’ काही ठिकाणी एचआरच हा नमुना देतं, कारण कंपनीचा तेवढाच वाटा वाचतो.

या पत्राला काडीची किंमत नाही. पीएफ लागू असलेल्या आस्थापनेत बाहेर राहण्याची वाट एकच : नोकरीला लागताना मूळ पगार अधिक महागाई भत्ता १५,००० रुपयांच्या वर असला पाहिजे (ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची) आणि तुम्ही आधी सभासद नसला पाहिजेत. ते फॉर्म ११ मध्ये रुजू होतानाच लिहून द्यायचं. आधीच्या नोकरीचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, चालू असताना ‘मी सभासद नव्हतो’ असं लिहिणारे महाभाग मी पाहिले आहेत. यूएएन आधारला जोडलेला असतो, लपवणार कुठे? आणि एकदा सभासद झालात की नंतर पगार वाढला म्हणून त्याच नोकरीत बाहेर पडता येत नाही.

मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून बाकी सगळं भत्त्यांत घालायची युक्तीही आता जुनी झाली. सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते पीएफसाठी पगारातच धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तपासणीत मागची थकबाकी निघाली तर कामगाराचा वाटाही मालकालाच भरावा लागतो. तो मागाहून पगारातून कापून घेता येत नाही. तेव्हा त्या ‘स्वखुशी’च्या पत्राची फाइल काढून मालक वकिलाकडे धावतो आणि वकीलही ती परत करतो.

पीएफ नाकारणाऱ्या पोराला मी एकच विचारतो, याच्यासोबत ७ लाखांपर्यंतचा विमा असतो हे माहीत आहे का? बहुतेकांना नसतं. हप्ता मालक भरतो. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर ती रक्कम करपात्र होते, हेही माहीत नसतं. नोकरी बदलली की ट्रान्सफर करा, काढू नका. घाई असलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.

बाकीच्या, थोडक्यात

‘१२ लाखांपर्यंत कर नाही, म्हणून रिटर्न नाही.’ २०२५-२६ पासून नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो सवलतीमुळे. मूळ करमुक्त मर्यादा ४ लाख आहे, तिच्या वर गेलात की रिटर्न भरायचंच. शेअर विकून झालेल्या, वेगळ्या दराने कर लागणाऱ्या नफ्याला ही सवलत मिळत नाही. वर्षात वीजबिल १ लाखाच्या पुढे गेलं किंवा परदेशवारीवर २ लाखांहून जास्त खर्च केला, तर उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न लागतं.

‘शेतीत दाखवा.’ शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, शेती नसताना दाखवलेलं शेतीचं उत्पन्न नाही. दोन एकर कोरडवाहू आणि आठ लाखांचं उत्पन्न असं लिहिलं की अधिकारी सातबारा मागतो, त्यावरची पीकनोंद बघतो, आडत्याच्या पट्ट्या मागतो. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर होते, त्यामुळे तलाठ्याला सांगून मागची पेर ‘लावून’ घेण्याचे दिवस सरले. कोंबड्या आणि दुधाचा धंदा शेतीत येत नाही. आणि खरं शेतीउत्पन्न ५,००० च्या पुढे असेल व बाकीचं उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर असेल, तर करमुक्त असूनही ते दर ठरवायला धरलं जातं. ते रिटर्नमध्ये न दाखवणं ही वेगळी चूक.

‘बायकोच्या नावावर टाका.’ टाका. तिच्या नावावरच्या ठेवीचं व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जाईल. भेटीवर कर नाही हे खरं, भेटीतून आलेल्या उत्पन्नावर आहे.

‘रोख घेतलं की दिसत नाही.’ एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड.

‘जीएसटी नंबर रद्द केला, सुटलो.’ नंबर रद्द होतो, मागचं देणं होत नाही. अंतिम विवरण तीन महिन्यांत भरायचं असतं, तेही कुणी भरत नाही.

‘सुप्रीम कोर्टाने आधार ऐच्छिक केलं.’ २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने मोबाइल आणि बँक खात्याची सक्ती गेली, पॅन जोडण्याची राहिली. न जोडलेली पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली. ऐंशी पूर्ण झालेल्यांना आणि अनिवासींना यात सूट आहे. आधारमधून बाहेर पडायचा दरवाजा मात्र एक आहे : लहानपणी नोंदणी झालेल्या मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत आधार रद्द करायचा अर्ज करता येतो. हा अर्ज करणारा मुलगा मला अजून भेटलेला नाही. चाळिशीत रद्द करायला निघालेले बरेच भेटतात.

‘नळाला पाणी नाही, मग घरपट्टी नाही.’ राग समजतो. पण कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच शिरूर मठाच्या खटल्यात सांगून ठेवला आहे. शुल्काच्या बदल्यात सेवा अपेक्षित असते, कराच्या बदल्यात अमुक सेवा मिळालीच पाहिजे असं नसतं. महापालिकेची शास्ती दरमहा २ टक्क्यांनी वाढत राहते. हरकत लेखी नोंदवून पैसे भरा आणि मग भांडा. भांडायला मीही येतो.

‘रिटर्न भरलं की पीएम किसान बंद.’ बंद होतं ते मागच्या वर्षी कर भरला असेल तर. शून्य कराचं रिटर्न भरल्याने नाही.

खरे दरवाजे

मला चीड याची येते की नसलेल्या दरवाजांवर डोकं आपटणारी हीच माणसं असलेले दरवाजे तारीख उलटल्यावर शोधत येतात.

नवी कर प्रणाली आपोआप लागू होते. पगारदाराला जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. मुदत गेली की गृहकर्जाच्या व्याजाची आणि एलआयसीची कागदपत्रं घेऊन कितीही हेलपाटे घाला, उपयोग नाही.

पीकविमा कर्जदार शेतकऱ्यांना खरीप २०२० पासून ऐच्छिक आहे. पण ‘नको’ हे बँकेला शेवटच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी लिहून द्यावं लागतं. नाही दिलं तर बँक हप्ता कापते, आणि ते नियमाने बरोबर असतं. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. शिपाई “ठेवून जा” म्हणाला तर ठेवून येऊ नका.

गॅसचं अनुदान सोडता येतं, २०१५ पासून लाखो लोकांनी सोडलं. पीएम किसानचा लाभही पोर्टलवरून स्वतःहून सोडता येतो. अपात्र असाल तर आपणच सोडा, वसुलीची नोटीस येईपर्यंत थांबू नका.

आणि त्या ४३६ आणि २० रुपयांच्या तक्रारी. जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते मेच्या शेवटच्या आठवड्यात आपोआप कापले जातात, कारण विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. नको असेल तर आधी शाखेत लेखी द्यायचं. जूनमध्ये पासबुक भरून आणल्यावर आरडाओरडा करून काही होत नाही. एप्रिलमध्ये जा, तेव्हा शाखेत गर्दीही कमी असते. पण नाही म्हणण्याआधी घरात दुसरा कुठला आयुर्विमा आहे का ते बघा. ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण बाहेर कुठे मिळत नाही.