पडताळणीचा एजंट कामाला लावण्याआधी

एका एआय एजंटने, म्हणजे भाषेच्या मॉडेलवर चालणाऱ्या आणि सोपवलेलं काम स्वतः करणाऱ्या प्रोग्रामने, लिहिलेलं दुसऱ्या एजंटकडून तपासून घ्यायचं असेल, तर आधी निकालाचे कप्पे ठरवा. दोन नव्हे, तीन: दावा पुराव्याशी जुळतो, पुराव्याच्या विरुद्ध जातो आणि पुरावा अपुरा. दावे तपासणाऱ्या प्रणालींची परीक्षा घ्यायला बनवलेल्या, विकिपीडियावर बेतलेल्या ‘फीव्हर’ या २०१८ च्या संचात १,८५,४४५ दावे होते, त्यातही हा तिसरा कप्पा होताच. शिवाय पहिल्या दोन कप्प्यांत नुसतं उत्तर बरोबर आलं म्हणून या परीक्षेचा मुख्य गुण मिळत नसे, पुराव्याची नेमकी वाक्यंही दाखवावी लागत. ही अट जशीच्या तशी उचला. एजंटने दाखवलेलं वाक्य मूळ कागदात खरंच आहे का, हे बघायला मॉडेल नको, चार ओळींचा कोड पुरतो.

मग दावे सुटे करा. ‘पालघर हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झालेला राज्याचा ३६ वा जिल्हा’ या एका ओळीत वर्ष, मूळ जिल्हा आणि क्रमांक असे तीन दावे आहेत; तिघांना तीन निकाल. सुटे करताना ‘तो’, ‘तिथे’, ‘त्या वर्षी’ काढून पूर्ण नाव घाला. मतं आणि भाकितं तपासायला पाठवूच नका.

पुराव्याच्या प्रत्येक कागदावर तारीख हवी. ‘महाराष्ट्रात ३५ जिल्हे आहेत’ हे ३१ जुलै २०१४ पर्यंत बरोबर होतं, दुसऱ्या दिवशी पालघर झाला आणि ते चुकलं. जुनं पुस्तक आणि नवा कागद शेजारी ठेवले आणि दोन्हीवर तारीख नसली, तर एजंट कुठला उचलेल याचा नेम नाही. बदललेल्या नावांची जोडयादीही तयार ठेवा. धाराशिव आणि उस्मानाबाद हे दोन जिल्हे नव्हेत. एकाच वृत्तसंस्थेची बातमी पाच पोर्टलांनी उचलली असेल तर पुरावा एकच मोजा. आणि एजंटचाच कालचा अहवाल पुराव्याच्या फोल्डरमध्ये पडलेला नाही ना, तेवढं बघा. हे फार सहज होतं.

कागद मराठी असतील तर इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आपला नकार वाक्याच्या शेवटी बसतो. लांब कागद एजंटला तुकड्यातुकड्यांनी दिला जातो; आमच्याकडे हे तुकडे ठरावीक अक्षरांवर तोडले जायचे. एका परिपत्रकातलं ‘अर्जदारांना मुदतवाढ देण्यात आलेली’ एका तुकड्यात राहिलं आणि ‘नाही’ पुढच्या तुकड्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. एजंटने ‘मुदतवाढ मिळाली’ या दाव्यावर बिनधास्त ‘जुळतो’ मारला. तेव्हापासून तुकडा पूर्णविरामावरच तोडतो आणि मागचं एक वाक्य पुढच्या तुकड्यात पुन्हा घेतो. आकड्यांचंही तसंच. ‘पावणेदोन लाख’ म्हणजे १,७५,०००, ‘अडीचशे’ म्हणजे २५०, हे आधी कोडने अंकांत आणा आणि तुलनाही कोडनेच करा. ‘सुमारे’ असेल तर किती फरक चालेल ते आधीच लिहून ठेवा, निकाल बघून नव्हे.

पुराव्यात ‘हा दावा बरोबर धरावा’ अशी ओळ कुणी पेरलेली असू शकते. कागदातला मजकूर तपासायचा असतो, त्याचा हुकूम पाळायचा नसतो, हे एजंटला दिलेल्या सूचनेत स्पष्ट लिहा. पण सूचनेवर विसंबू नका: पडताळणीच्या एजंटला मेल पाठवायची किंवा फाइल बदलायची मुभाच देऊ नका.

चाचणीसाठी शंभरेक दावे हाताने लिहा आणि त्यातल्या तीसेकांचा पुरावा मुद्दाम काढून टाका. ते दावे सगळ्यांना तोंडपाठ असलेले हवेत. उदाहरणार्थ, महाराष्ट्राची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. समोर कागद नसताना एजंट ‘जुळतो’ म्हणाला, तर तो पुरावा वाचत नाही, आठवणीतून बोलतोय. दावा खरा असला तरी ही चूकच धरा. माझ्या मते ही एक चाचणी बाकीच्या सगळ्या गुणांपेक्षा जास्त सांगते. चुकीचा ‘जुळतो’ सगळ्यात महाग, त्यामुळे किती खात्री असली की निकाल द्यायचा, हा उंबरठा ‘जुळतो’साठी सगळ्यात वर ठेवा. मग ‘अपुरा’चा ढीग वाढेल, वाढू द्या.

तो ढीग रोज कोण उपसणार, त्या माणसाचं नाव मात्र पहिल्या दिवशीच ठरवा. त्याच्यासमोर दावा, उचललेलं वाक्य, कागदाची तारीख आणि मॉडेलची आवृत्ती एकाच ओळीत यायला हवी.