फ्लेक्सिबल की फिक्स्ड? क्रिप्टो व्याजावर ठेवण्याआधीची तयारी

आधी एवढंच लिहून काढा: हे पैसे कधी लागणार आहेत? तारीख सांगता आली नाही, तर फ्लेक्सिबल, म्हणजे केव्हाही काढता येणारं, घ्या, पुढचा विचारच नको. फिक्स्ड, म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी अडकणारं, घ्यायचं ते मुदत संपेपर्यंत त्या कॉइनला हात लावणार नाही हे पक्कं असेल तरच. भाव कोसळला तरी नाही. फ्लेक्सिबलमधून काढून विकता येतं. मुदतीत अडकलेलं कॉइन घसरताना बघत बसावं लागतं.

मग दर तपासा. दिसतो तो आकडा वर्षाचा असतो, इथेच नवखे फसतात. 30 दिवसांच्या फिक्स्डवर 12 टक्के लिहिलं असेल, तर 1000 कॉइनवर हाती येतात साधारण 9.86. फ्लेक्सिबल 4 टक्के देत असेल, तर तेवढ्याच दिवसांत 3.29. फरक साडेसहा कॉइनचा, मुद्दलाच्या एक टक्क्याहून कमी. बिटकॉइनचा भाव एवढा तर दिवसभरात सहज हलतो. स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं कॉइन, असेल तर हा धोका कमी, पण संपलेला नाही: मे 2022 मध्ये टेरायूएसडी नावाचं असंच कॉइन डॉलरपासून सुटलं ते सुटलंच. फ्लेक्सिबलचा दर रोज बदलू शकतो, आणि जाहिरातीतला चढा दर पुष्कळदा पहिल्या थोड्या रकमेपुरताच असतो, हेही बघून ठेवा.

अटींत दोन ओळी शोधा. मुदतीआधी काढल्यास काय होतं? बहुतेक ठिकाणी व्याज जातं, आणि आधीच जमा झालेलं व्याज मुद्दलातून वळतं करून घेतात. दुसरी ओळ ऑटो-रिन्यूची, म्हणजे मुदत आपोआप वाढण्याची. ते चालू असेल तर बंद करा, नाहीतर मुदत संपताच पैसे पुन्हा अडकतात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र प्लॅटफॉर्म, म्हणजे कॉइन जिथे ठेवणार ती कंपनी, तपासण्यात घालवा. व्याज येतं कुठून? तुमचे कॉइन कुणाला उधार दिले जातात का? 'बचत' या शब्दावर जाऊ नका, बँकेच्या ठेवीसारखं विम्याचं संरक्षण इथे नसतं. सेल्सियस या क्रिप्टोवर व्याज देणाऱ्या कंपनीने 12 जून 2022 रोजी पैसे काढणं थांबवलं आणि महिनाभराने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या व्याजाच्या खात्यांतले कॉइन ग्राहकांचे नव्हे, कंपनीचे, असा निकाल न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये दिला. 'केव्हाही काढा' हे कंपनीने दार उघडं ठेवलं तोवरच खरं असतं. म्हणून सगळी पुंजी एका जागी नको. थोडी व्याजाविना स्वतःच्या वॉलेटमध्येच, म्हणजे जिची किल्ली फक्त तुमच्याकडे असते अशा जागी, राहू द्या.

शेवटी रंगीत तालीम. अगदी छोटी रक्कम फ्लेक्सिबलमध्ये टाका, दोन-चार दिवसांनी पूर्ण काढून स्वतःच्या वॉलेटवर पाठवा. किती वेळ लागला, फी किती कापली, किमान किती काढावे लागतात, हे टिपून ठेवा. ती फी महिन्याच्या व्याजाहून जास्त निघाली, तर तेवढ्या रकमेसाठी हा खटाटोप करूच नका.