१९ डिसेंबरला मुलांना लिस्बनची गोष्ट कशी सांगायची

डिसेंबर आला की शाळेत गोवा मुक्तीवर कोणीतरी बोलायचं असतं, आणि बहुतेक वेळा ऑपरेशन विजय, ३६ तास, तिरंगा फडकला, टाळ्या, एवढ्यावर भाषण संपतं. ते सांगाच, पण हरल्यावर पोर्तुगालनं काय केलं हेही सांगा, कारण ४५१ वर्षं राज्य केलेल्यांना पराभव कबूल करायला १३ वर्षं लागली आणि तेवढ्या काळात त्याची किंमत भलत्याच लोकांनी मोजली. मी कसं सांगतो ते लिहितो, तुम्ही आपल्या पद्धतीनं बदला.

सुरुवात लढाईपासून करू नका, तारेपासून करा. १४ डिसेंबर १९६१ ला लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा संदेश गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना आला. निदान आठ दिवस टिकून राहा म्हणजे जगाचं लक्ष वेधता येईल, तह नाही, शरणागती नाही, आपले सैनिक आणि खलाशी एकतर जिंकलेले असतील नाहीतर मेलेले, असा त्याचा अर्थ. इथं थांबा आणि मुलांना विचारा, तुमच्याकडे जेमतेम साडेतीन हजार सैनिक आहेत, लढाऊ विमान एकही नाही, जुनं जहाज एक, समोर भारताची भूसेना, नौदल, हवाई दल तिन्ही, तुम्ही काय कराल? पाच मिनिटं गेली तरी जाऊ द्या, मुलं फार चांगली उत्तरं देतात.

मग सिल्वांनी काय केलं ते सांगा. युरोपियन बायकामुलांना लिस्बनच्या मर्जीविरुद्ध बोटीनं परत पाठवलं. पूल उडवले, बाणस्तारीचा पण, पण इमारती उद्ध्वस्त करायचा आदेश मानला नाही. आफोंसो द आल्बुकर्क हे जहाज १८ तारखेला मुरगावच्या तोंडाशी भारतीय युद्धनौकांशी लढलं, मार खाल्ला आणि शेवटी बांबोळीच्या किनाऱ्याला लावलं गेलं. नकाशा असेल तर मुरगाव आणि बांबोळी बोट ठेवून दाखवा, मुलांना ते अंतर दिसलं की लढाई डोळ्यासमोर उभी राहते. १९ ला रात्री वास्कोत सिल्वांनी शरणागतीवर सही केली. पणजीतल्या ज्या जुन्या इमारतींसमोर आपण आज फोटो काढतो त्या उभ्या आहेत त्यात या माणसाचा वाटा आहे, हे मी दरवेळी सांगतो आणि सांगताना मला आतून काहीतरी होतं.

युनोचा भाग थोडक्यात. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव आला, बाजूनं ७, विरोधात ४, आणि सोव्हिएत युनियनचा नकाराधिकार. पोर्तुगालनं ब्रिटनला जुन्या मैत्रीच्या तहाची आठवण करून दिली, त्यांनी हात वर केले. बस.

आता मुख्य भाग, याला वेळ राखून ठेवा. राग कोणावर निघाला? पहिले मोझांबिकमधले भारतीय, त्यातले बरेच साधे दुकानदार, ज्यांचा गोव्याच्या लढाईशी काडीचा संबंध नव्हता. त्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवली आणि देशाबाहेर काढलं. दुसरे स्वतःचेच सैनिक. ते इथं युद्धकैदी म्हणून पडून राहिले, मे १९६२ मध्ये कराचीमार्गे घरी गेले तर तिकडे स्वागत नाही, पहारा. १९६३ मध्ये सिल्वा आणि काही अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकलं. ज्या माणसानं हजारो जीव वाचवले त्याला गद्दार ठरवलं, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा, गुळमुळीत करू नका.

तिसरे आपले लोक. स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे, मूळ सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवायचे, १९५५ मध्ये बेतीच्या पोलिस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेले, लिस्बनजवळच्या कॅशियाशच्या तुरुंगात होते. गोवा सुटला तरी ते सुटले नाहीत, जानेवारी १९६९ पर्यंत! त्यांच्या सुटकेसाठी इकडे सुधीर फडके धडपडत होते. दुसरे स्वातंत्र्यसैनिक तेलू मास्कारेन्यश तर १९७० ला सुटले. फळ्यावर १९६१ आणि १९६९ शेजारी शेजारी लिहा आणि वजाबाकी मुलांनाच करू द्या.

तोवर लिस्बनच्या कागदावर गोवा पोर्तुगालचाच प्रांत होता. एप्रिल १९७४ मध्ये तिकडची हुकूमशाही कोसळली, सिल्वांना हुद्दा परत मिळाला, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार होऊन गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे आहेत हे पोर्तुगालनं मान्य केलं. १९८० मध्ये सिल्वा गोव्यात येऊन गेले तेव्हा लोकांनी त्यांना प्रेमानं वागवलं.

गोव्यातली शाळा असेल तर आठवडाभर आधी मुलांना घरातला १९६१ आधीचा जन्मदाखला शोधायला सांगा (मूळ प्रत नको, मोबाईलवर फोटो काढून आणा म्हणावं, जुना कागद फाटतो). तो पोर्तुगीजमध्ये असतो, आणि आजोबा १९ डिसेंबर १९६१ आधी जन्मले म्हणून नातवाला पोर्तुगीज पासपोर्ट कसा काय मिळतो, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर तयार ठेवा.